पोटातले पाणी वाढले म्हणून तहान मारू नका

सोनोग्राफीच्या कागदावर गर्भजल जास्त असल्याचे लिहून आले, की घरात पहिला हुकूम सुटतो तो पाण्याचा. "बाई, आता पाणी कमी पी." त्यापाठोपाठ नारळपाणी बंद होते, ताक बंद होते, सालनात मीठ कमी पडते. कोणी खाला गावाहून पुनर्नव्याची मुळी पाठवते, कोणी जवाचे पाणी उकळून देते, म्हणजे लघवीवाटे सगळे उतरेल. आमच्याकडे वाचक भगिनींची जी पत्रे येतात त्यांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. सातवा-आठवा महिना, पोट जरुरीपेक्षा मोठे, रात्री आडवे झाले की दम लागतो, आणि वर तहानेने घसा कोरडा, पण घागरीकडे जायची चोरी.

या बहिणींना आम्ही पहिल्यांदा हेच सांगतो की पाणी प्या. तहान लागेल तेवढे प्या, दिवसभरात आठ-दहा पेले, उन्हाळ्यात त्याहून जास्त. घागरीतले पाणी सरळ पिशवीत जाऊन साचत नाही. पाणी तोडल्याने गर्भजल उतरत नाही. आईचे रक्त मात्र घट्ट होते, लघवीला जळजळ सुरू होते, चक्कर येते आणि वेळेआधी कळा यायचे एक निमित्त आयते तयार होते. लघवी वाढवणारे काढे आणि गोळ्या यांनीही आईच्याच अंगातले पाणी जाते, बाळाभोवतीचे नाही. मिठाचेही तसेच. रक्तदाब वाढला असेल तर डॉक्टर जे सांगतील ते ऐकावे, पण गर्भजल उतरवायला अळणी जेवण हा उपाय नव्हे.

मग हे पाणी येते कुठून? पहिल्या काही आठवड्यांत ते आईच्या रक्तातून पाझरते. पुढे, गर्भाची मूत्रपिंडे चालू झाली की, गर्भजलाचा बहुतेक भाग म्हणजे बाळाची लघवी असते. ऐकायला विचित्र वाटते, पण अल्लाहने ही व्यवस्था फार बारकाईने केली आहे. बाळ लघवी करते, तेच पाणी गिळते, ते त्याच्या आतड्यातून रक्तात जाते, रक्तातून वारेमार्फत आईकडे, आणि पुन्हा फिरून मूत्रपिंडाकडे. दिवस भरत आले की बाळ दिवसाला अर्ध्या लिटरहून कितीतरी जास्त लघवी करते आणि जवळपास तेवढेच पाणी गिळते. म्हणजे पिशवीतले पाणी साचलेले डबके नाही, सतत बदलत राहणारा हौद आहे. बाराव्या आठवड्याला ते जेमतेम 50 मिलीलीटर असते, चौतीस-पस्तीस आठवड्यांना 800 मिलीलीटरच्या आसपास पोचते आणि शेवटी थोडे कमी होते. नळ जास्त सुटला किंवा मोरी तुंबली तर हौद भरून वाहणारच. बाळाने लघवी जास्त केली किंवा त्याला गिळता आले नाही, तर पाणी वाढते.

येथे एक गोष्ट सांगून टाकू. सोनोग्राफीच्या कागदावर गर्भजलासाठी "लायकर" असा शब्द छापलेला असतो. एका घरात तो वाचून बराच गोंधळ उडाला होता, आमच्या घरच्या सुनेच्या पोटात दारू कुठून आली म्हणून. तो लॅटिन भाषेतला जुना शब्द आहे, अर्थ फक्त द्रव. त्यापुढे जो आकडा असतो तो मात्र नीट पाहावा. डॉक्टर पोटाचे चार भाग कल्पून प्रत्येक भागातल्या पाण्याची खोली सेंटीमीटरमध्ये मोजतात आणि चारही आकड्यांची बेरीज करतात. ही बेरीज 24-25 च्या वर गेली, किंवा एकाच ठिकाणची खोली 8 सेंटीमीटर किंवा अधिक भरली, तर पाणी जास्त म्हणतात. 25 ते 30 पर्यंत सौम्य, 35 च्या पुढे तीव्र. शंभरातल्या एक-दोन गरोदर स्त्रियांत हे आढळते आणि त्यांतल्या बहुतेकींचे पाणी सौम्य प्रकारातच असते. तेव्हा आकडा 26 आला म्हणून माहेरी-सासरी फोन फिरवून रडारड करायचे कारण नाही. दुसऱ्या टोकाला, 36 आकडा घेऊन "होईल कमी" म्हणत घरी बसणेही नको.

कारण शोधायला डॉक्टर तपासण्या लिहून देतात तेव्हा घरची मंडळी कुरकुर करतात, की आधीच इतका खर्च झाला, आता आणखी रक्त कशाला. निम्म्याहून अधिक बायकांमध्ये काहीच कारण सापडत नाही, हे खरे. पण ज्यांच्यात सापडते त्यांचे वेळेवर कळले तर फार फरक पडतो. जुळी मुले एकाच वारेवर वाढत असतील आणि एकाचे रक्त दुसऱ्याकडे वाहत असेल, आईचा रक्तगट निगेटिव्ह असून बाळाच्या रक्ताशी झगडा चालू असेल, बाळाला आत काही संसर्ग झाला असेल, किंवा बाळाची अन्ननलिका वा आतड्याचा वरचा भाग बंद असेल, तर पाणी वाढते. आणि सगळ्यात नेहमीचे, आपल्या घरात सहज सापडणारे कारण म्हणजे आईची वाढलेली साखर.

साखरेने पाणी कसे वाढते ते समजून घेतले की आहाराचा सगळा विषय उलगडतो. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते. आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. त्यामुळे आईची साखर वाढली की बाळाची वाढते. बाळ स्वतःचे इन्सुलिन जास्त तयार करू लागते, त्याने ते अंगाने फुगते. शिवाय मधुमेही माणसाला जशी वारंवार लघवी लागते तशी त्या चिमुकल्यालाही लागते. पाणी वाढले ते आईच्या पेल्यातून नव्हे, आईच्या वाटीतून. ज्या घरात सुनेच्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतला जातो, त्याच घरात तिला "दोन जिवांची आहेस" म्हणून तुपातला मलिदा भरवला जातो, हे पाहून आम्हाला हसावे की रडावे कळत नाही.

ही साखर तपासण्यासाठी भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एकच सोपी चाचणी आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज साधारण 300 मिलीलीटर पाण्यात घालून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. उपाशीपोटी असण्याची अट नाही, जेवून गेले तरी चालते. आकडा 140 किंवा अधिक आला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. ही चाचणी दोनदा करायची आहे. एकदा नाव नोंदवतानाच, आणि पहिल्या वेळी ठीक आली असली तरी पुन्हा 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान. ही दुसरी वेळच आमच्या बहिणी चुकवतात, "मागच्या महिन्यात तर नॉर्मल होती" म्हणून. वार जशी वाढते तशी ती इन्सुलिनला विरोध करणारे स्राव सोडते, त्यामुळे पाचव्या महिन्यात ठीक असलेली साखर सातव्यात बिघडू शकते. पाणी जास्त आढळले तर पूर्वीचा कागद कितीही चांगला असला तरी चाचणी पुन्हा करून घ्यावी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी ही चाचणीही मागून घेता येते.

आपल्यात सातव्या महिन्यात सातवासा करतात. माहेरची माणसे येतात, हिरवा जोडा, फुलांचे गजरे, आणि ओटीत सात प्रकारची फळे-मिठाई. आनंदाचा प्रसंग आहे, व्हावा. पण नेमका हाच तो काळ, जेव्हा साखर चढते आणि पाणी वाढू लागते. येणारी प्रत्येक बाई आपल्या हाताने एक घास भरवते. पंधरा बायका आल्या तर पंधरा घास. मिठाईला हात लावून दुवा दिली तरी प्रेम कमी होत नाही.

साखर निघाली तर काय खायचे? दवाखान्यात एक छापील तक्ता देतात. त्यात ओट्स असतात, ब्राऊन ब्रेड असतो, उकडलेले मोड आलेले मूग असतात. तो तक्ता फ्रीजवर चिकटतो आणि घरात जे रोज शिजते तेच शिजत राहते. म्हणून आम्ही आपल्याच स्वयंपाकघराचे बोलतो.

चहापासून सुरुवात करू. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. सपाट चमचा चार ग्रॅमचा धरला तरी दिवसाला 32 ग्रॅम नुसती साखर झाली, आणि आपल्या घरातला चमचा सपाट कधीच नसतो. वर चहाबरोबर खारी, टोस्ट, पाव, म्हणजे मैदा. चहा दोन कपांवर आणा, बिनसाखरेचा करा. चार दिवस जड जाईल, पाचव्या दिवशी जीभ मान्य करते. कोल्ड्रिंकची 300 मिलीलीटरची छोटी बाटलीही साधारण 30 ग्रॅम साखर पोटात टाकते. मळमळीवर ती घेणाऱ्या बहिणींनी लिंबू-मीठ-पाणी घ्यावे. रंगीत शरबतही त्याच माळेतले मणी.

गूळ आणि मध यांबद्दल मोठा गैरसमज आहे. साखर वाईट, गूळ चांगला, असे म्हणत नाचणीच्या सत्त्वात मूठभर गूळ घालतात. रक्ताच्या दृष्टीने गूळ ही साखरच आहे. मध ही शिफा आहे हा आपला ईमान आहे आणि त्याला धक्का लागत नाही. पण मधुमेहात त्याचेही प्रमाण असते, आणि गरोदरपणात साखर वाढलेली असताना ते प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचे. नाचणीची भाकरी चांगली, पण तिचेच पातळ गोड सत्त्व पोटात जाताच साखर वर नेते. पीठ जितके बारीक आणि पातळ, तितकी साखर भरभर चढते.

भात हा कोकणातल्या बहिणींचा दुखरा विषय. तांदळाची भाकरी, घावणे, सांदणे, सगळे तांदळाचेच. भात सोडा म्हटले तर त्या जेवणारच नाहीत, आणि न जेवणे हे जास्त खाण्याइतकेच वाईट. शिजलेल्या भाताची एक मोठी वाटी म्हणजे जवळपास 40 ग्रॅम कर्बोदके. तेव्हा एका जेवणाला एकच वाटी, आणि भात घेतला तर भाकरी नको. "भाकरी तांदळाची आहे, भात नाही" असा हिशेब चालत नाही. मराठवाडा-सोलापूरकडच्या भगिनींना ज्वारी-बाजरीची भाकरी आहे, त्या सुदैवी. गव्हाची चपाती चालते, दोन, फार तर अडीच. बिर्याणीचा प्रसंग आला तर ताटात आधी कचुंबर आणि दही घ्या, ते खा, मग बोटीचे तुकडे खा, आणि शेवटी तांदूळ. भाजी आणि मांस आधी, भात-पोळी नंतर, एवढा क्रम बदलला तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. हे पदरचा एक पैसा खर्च न करता होते आणि पाहुण्यांना कळतही नाही.

मांसाहारी घराला एक मोठी सोय आहे, तिचा फायदा घ्यावा. अंडी, कोंबडी, मासळी, मटण यांनी साखर वाढत नाही. बांगडा, मांदेली, सुकट, अंड्याचे आम्लेट, डाळ-गोश्त, सगळे चालते. खिचडा आणि दालचा यांत डाळ आहे, मांस आहे, तेही वाटीभर घ्यावे. निहारी-पाया नडतो तो त्याच्यासोबतच्या नानमुळे. तेल-तूप मात्र हात आखडून. रस्सा बटाट्याचा असेल तर बटाटा भाजी न मानता भाकरीत मोजावा. फळ सबंध खावे, रस काढू नये. पेरू, पपनस, संत्रे, सफरचंद, एका वेळी एकच. आंब्याच्या दिवसांत एक-दोन फोडी, जेवणावर नव्हे, मधल्या वेळी.

तीन वेळा ताट भरून जेवण्यापेक्षा तीन बेताची जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडे काही, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, ताक, उकडलेले अंडे. रात्री झोपताना एक पेला बिनसाखरेचे दूध, म्हणजे रात्रभर फार वेळ पोट रिकामे राहत नाही. आणि प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे. बाहेर जायची सोय नसेल तर घरातल्या घरात, गच्चीवर, गल्लीच्या टोकापर्यंत. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितले असेल तरच नाही.

हे सगळे लिहून आम्ही थांबलो असतो तर अर्धेच सांगितले असते. कारण तक्ता ज्या बाईच्या हातात दिला जातो, तीच दहा माणसांचा स्वयंपाक करते आणि सगळ्यांच्या शेवटी, तीन वाजता, उरलेला भात आणि रस्सा खाते. मासळीचे तुकडे तोवर संपलेले असतात. जेवणाची वेळ, प्रथिने, भाज्या, सगळे त्या एका तासाच्या उशिरात वाहून जाते. तिची साखर तिने एकटीने सांभाळायची हे आम्हाला मान्य नाही. सासूबाईंनी तिचे ताट आधी वाढावे. नवऱ्याने बाजारातून येताना जिलेबीच्या पुड्याऐवजी पालक, मेथी, काकडी आणावी आणि दोन आठवडे स्वतःही बिनसाखरेचा चहा प्यावा. प्रेषित ﷺ घरातल्या कामात हातभार लावत असत, हे व्याख्यानात सांगणारे पुरुष पुष्कळ आहेत. त्याचा पहिला उपयोग येथे आहे.

सरकारी सूचनेप्रमाणे दोन आठवडे आहार आणि चालणे पाहतात. त्यानंतर जेवणानंतर दोन तासांची साखर 120 च्या आत आली तर तेवढ्यावर भागते, बऱ्याच जणींचे भागतेही. नाही आली तर मेटफॉर्मिनची गोळी किंवा इन्सुलिन. इन्सुलिन म्हटले की दोन भीती निघतात. एक, आयुष्यभर टोचावे लागेल. तसे नाही. बहुतेकींचे बाळंत होताच सुटते. दुसरी, ते डुकरापासून बनते. पूर्वी ते डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढत, हे खरे आहे. पण 1982 पासून मानवी इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टमध्ये तयार होऊ लागले आणि आज बाजारात मिळते ते बहुतेक असेच असते. मनात शंका असेल तर औषधवाल्याकडून खोक्यावरचे वाचून घ्यावे, पण शंकेपोटी इंजेक्शन चुकवू नये. साखर ताब्यात आली की पाण्याची वाढ बऱ्याचदा थांबते, कधी कमीही होते. नेहमीच होते असे नाही. आणि पाणी वाढण्याचे कारण साखर नसेल तर आहाराने आई सुदृढ राहील, पाणी उतरणार नाही. हे स्पष्ट सांगितलेले बरे.

रमजान आला की हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. "पाणी वाढलंय, रोजे ठेवले तर आपोआप कमी होईल ना?" होणार नाही. दिवसभर कोरडे राहून संध्याकाळी खजूर, शरबत, भजी, फळांची चाट आणि वर बिर्याणी, म्हणजे साखर आधी खाली आपटते आणि मग छपराला लागते. इन्सुलिन घेणाऱ्या बाईची साखर दुपारी एकदम उतरली तर दोन्ही जिवांना धोका आहे. आजारी माणसाला कुरआनने सवलत दिली आहे, आणि गरोदर स्त्रीला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची भीती असेल तर तिने रोजा पुढे ढकलावा याला उलमांची मान्यता आहे. कजा नंतर करता येते. फिदयाबाबत मसलकांत फरक आहे, तो आपल्या विश्वासाच्या आलिमांना विचारावा. सवलत नाकारून घरात मान मिळवायची ही जागा नाही, आणि सुनेने रोजा ठेवला नाही म्हणून टोमणा मारायचीही नाही. खजुराविषयी एवढेच, की साध्या खजुरात एकाला पाच-सहा ग्रॅम साखर असते. मधुमेह असेल तर एक, फार तर दोन, आणि त्या दिवशी दुसरे गोड नाही.

आहाराचा गर्भजलाशी आणखी दोन ठिकाणी संबंध येतो, ते थोडक्यात. गर्भ राहण्याआधीपासून पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिड कमी पडले तर बाळाचा मेंदू आणि मणका नीट न जुळण्याचा धोका वाढतो. ज्या बाळाची कवटी-मेंदू घडत नाही त्याला गिळता येत नाही, आणि पाणी वाढते. पालेभाज्या खाव्याच, पण त्यावर विसंबू नये. ही स्वस्त गोळी दिवस राहण्याचा विचार सुरू होताच घ्यायची आहे. पहिले मूल असे गेले असेल, किंवा लग्न चुलत-मामे-मावस-आते भावंडांत झाले असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगावे. सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या विवाहात बाळात जन्मजात दोषाचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो, तरीही बहुसंख्य मुले धडधाकटच होतात. सांगण्यात लाज नाही, सोनोग्राफी जास्त बारकाईने होते इतकेच.

दुसरे मांसाचे. अर्धवट भाजलेल्या मांसातून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू आईकडून बाळाकडे जाऊ शकतो. शिगेवरचा कबाब आत गुलाबी असेल तर गरोदर बाईने तो परत आचेवर टाकावा. बकरी ईदला मांस हाताळल्यावर हात, सुरी, पाट साबणाने धुवावेत. आणि "रक्त वाढेल" म्हणून पहिल्या महिन्यांत कलेजी भरपूर खाऊ घालतात, ती नको. तिच्यात अ जीवनसत्त्व फार असते आणि त्याचा अतिरेक बाळाला बाधतो. रक्तासाठी लोहाच्या गोळ्या आहेत, त्या चहाबरोबर घेऊ नयेत.

पाणी खूप जास्त असेल तर बाळंतपण कुठे करायचे हे आधीच ठरवा. जिथे रक्त, शस्त्रक्रिया आणि नवजात बाळाचे डॉक्टर आहेत अशाच ठिकाणी. पाणी जास्त म्हणजे सिझेरियन ठरलेलेच, असे नाही. पण ताणलेले गर्भाशय बाळंतपणानंतर लवकर आवळत नाही, रक्तस्राव जास्त होऊ शकतो. बाळ पोटात आडवे-तिरके फिरत राहते. आणि पिशवी एकदम फुटली तर पाण्याच्या लोटाबरोबर नाळ आधी बाहेर येण्याचा धोका असतो. म्हणून घरी एकदम पाणी गेले तर उठून आवराआवर करू नये. डाव्या कुशीवर, कमरेखाली उशी घेऊन पडावे आणि 108 ला फोन लावावा. पोट एका आठवड्यात झपाट्याने वाढले, आडवे होता येत नाही इतका दम लागला, महिने भरण्याआधी पोट थांबून थांबून दगडासारखे होऊ लागले, किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही.

आता तहनीकचे, कारण हे कोणी लिहीत नाही. बाळ जन्मले की अजान देतात आणि चावलेला खजूर किंवा मध टाळूला लावतात. ज्या आईचे पाणी जास्त होते तिच्या बाळाची अन्ननलिका मध्येच बंद असण्याची शक्यता थोडी का होईना असते. म्हणून बालरोगतज्ज्ञ जन्मल्यावर तोंडातून एक बारीक नळी पोटापर्यंत जाते का ते पाहतात. काही मिनिटांचे काम आहे. ती नळी जाईपर्यंत बाळाच्या तोंडात काहीही घालू नये. अन्ननलिका बंद असेल तर घातलेला प्रत्येक थेंब फुप्फुसात उतरू शकतो. अजान आधी द्यावी, तिला थांबायचे कारण नाही. डॉक्टरांनी होकार दिला की पहिल्या तासात आईचा चीक पाजावा. मधुमेही आईच्या बाळाची साखर जन्मानंतर एकदम उतरते, त्याला त्या चिकाची फार गरज असते, तो पिळून टाकू नये. तहनीक नंतर, डॉक्टरांना विचारून, स्वच्छ हाताने आणि मऊ कुस्करलेल्या खजुराच्या नुसत्या स्पर्शाने. मध मात्र वर्षापर्यंत नाही, त्यातल्या जंतूंनी तान्ह्याला क्वचित पण गंभीर आजार होतो. घुट्टीही नाही.

बाळंतपणानंतर चाळीस दिवसांत शिरा, हरीरा, डिंकाचे लाडू यांचा पूर येतो. साखर निघालेल्या आईला तोही बेतानेच. सहा आठवड्यांनी 75 ग्रॅमची चाचणी पुन्हा करायची असते, आणि बाळाच्या लसीकरणाच्या धांदलीत नेमकी हीच राहते. बाळाची सहा आठवड्यांची लस आणि आईची चाचणी एकाच दिवशी करून घ्यावी. पुढे दर वर्षी साखर तपासावी, कारण या बायकांना नंतर कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. सोनोग्राफीचे आणि साखरेचे सगळे कागद एका पिशवीत जपून ठेवावेत. पुढच्या खेपेला नाव नोंदवायला जाताना ती पिशवी बरोबर न्यावी आणि पहिल्याच दिवशी डॉक्टरांपुढे ठेवावी.